कोऱ्या पानावरचा पहिला ठसा

काही छंद असे असतात की मूळ वस्तूपेक्षा त्यांच्या कथाच अधिक जागा व्यापतात. आमच्या पेटीशोधाचे तसेच झाले आहे. पेट्या काय, पिशवीत मावतील. गोष्टींना मात्र फडताळ अपुरे पडेल!

अनभिज्ञांसाठी थोडक्यात सांगतो. एकाने हाताने कोरलेला रबरी शिक्का आणि एक लहान वही डब्यात घालून रानात, घाटात, किनाऱ्यावर कुठेतरी लपवायची आणि चार ओळींचा संकेत इतरांना द्यायचा. शोधणाऱ्याने पेटीतल्या शिक्क्याचा ठसा आपल्या वहीत घ्यायचा, स्वतःच्या शिक्क्याचा ठसा पेटीतल्या वहीत उमटवायचा आणि पेटी होती तशी ठेवून यायचे. शिक्का म्हणजे साधन, ठसा म्हणजे त्याची खूण. हा भेद मी मंडळात कटाक्षाने पाळायला लावला, आणि तेवढ्यावरून माझे नाव 'गुरुजी' पडले.

मोजदादीचे वर्गही मीच पाडले: लपवलेल्या पेट्या, शोधलेल्या पेट्या आणि मंडळींच्या भेटीत एकमेकांशी अदलाबदल केलेले ठसे. यांखेरीज एक मान वेगळा. नव्या पेटीतल्या कोऱ्या वहीवर ज्याचा ठसा सर्वांत आधी उमटेल, तो 'प्रथम शोधक'. त्याच्या नावापुढे तारा.

बांद्याचे बस्त्यांव मास्तर, निवृत्त चित्रकला शिक्षक, यांच्या नावापुढे एकही तारा नव्हता. आमच्यात सर्वांत सुंदर शिक्का त्यांचा, मासा चोचीत धरलेला खंड्या. पण गुडघे अधू; आणि मंडळातल्या सुलभाताईंची स्कूटर त्यांच्या आधी पोहोचलेली असायची.

एकदा सावंतवाडीच्या तळ्याकाठी चहा घेताना मी त्यांना म्हटले, "मास्तर, ताऱ्याचे एवढे काय?"

ते म्हणाले, "गुरुजी, जल्मभर हेडमास्तराच्या सहीखाली सही केलंय. एकदा तरी कोऱ्या पानार पयलो ठसो माझो उमटांदे!"

*

सुलभाताई म्हणजे आमच्या मंडळाची गती. त्यांचे सावंतवाडीत शिलाईचे दुकान आहे, आणि कापड मोजावे तितक्या काटेकोरपणे त्या शोध मोजतात. फक्त गज त्यांचा स्वतःचा असतो!

आमच्याकडे 'प्रवासी' नावाचा एक उपवर्ग आहे. इवलीशी पेटी मोठ्या पेटीत ठेवलेली असते. ती ज्याला सापडेल त्याने उचलून पुढच्या पेटीत नेऊन ठेवायची. अशी एक प्रवासी पेटी ताईंनी उचलली आणि विसरल्या. पावसाळा सरला, तेव्हा ती त्यांच्याच शिवणयंत्राच्या खणात निघाली. त्यांनी ती पुन्हा 'शोधलेल्या'त धरली.

मास्तरांनी कपबशी खाली ठेवली. "सुलभा, तुका घरात चष्मो गावता, तोय मोजतंस काय गो?"

ताई म्हणाल्या, "तुमका ताऱ्याचा दुख, मास्तरांनू. तो राग माझ्या चष्म्यार काढू नकात!"

*

मालवणच्या किनाऱ्यावर खडकाच्या कपारीत मी एक पेटी ठेवली होती. भरतीचा विचार केला होता. उधाणाचा केला नव्हता. मास्तर पहाटेच्या एसटीने निघून सर्वांच्या आधी पोहोचले, तर कपार रिकामी!

विचारत विचारत ते किनाऱ्यावरून रापणीचे जाळे ओढणाऱ्या एका रापणकराच्या अंगणात गेले. तिथे दोरीवर बांगडे वाळत होते आणि त्यांच्या रांगेत आमची वही चिमट्याने लटकत होती. पाने कोरी होती. मास्तरांनी घाईघाईने शिक्का काढला.

रापणकर म्हणाला, "रवा मरे! पेटी जाळ्यात माका गावली. शोधूचा काम माझा, आनि शिक्को तुमचो?"

त्याने मास्तरांचे पेन मागून घेऊन पहिल्या पानावर ऐसपैस सही ठोकली. वर मास्तरांना चार बांगडे बांधून दिले.

बैठकीत निवाडा माझ्याकडे आला. पेटी ज्याने मिळवली तो प्रथम, असा मी निर्णय दिला. मास्तरांनी मान डोलावली. "बांगडे मात्र एक नंबर होते," एवढेच म्हणाले.

*

वैभववाडीकडची गोष्ट याहून बिकट. घाटाखालच्या पायवाटेवर, आंब्याच्या बुंध्याशी ताईंनी पेटी लपवली आणि आत लाल शाईची गादी ठेवली. मास्तर तिथे पोहोचले तेव्हा झाडाभोवती अर्धी वाडी जमली होती. झाडाखाली डबा, डब्यात लाल काहीतरी, शिवाय एक कोरी वही! कुणाची नावे लिहायला ठेवली असेल? करणीच ती!

मास्तरांनी सगळे समजावले, शिक्का दाखवला, खंड्या दाखवला. शेवटी लोक हसले. डबा परत मिळाला. मास्तरांनी वही उघडली, तर पहिल्या पानावर ठसठशीत लाल अंगठा!

एक म्हातारे आजोबा पुढे झाले. "तो माझो. रगात आसा काय शाई, बगूक लायलंय."

मास्तर हात जोडून म्हणाले, "आजोबांनू, बगून झाल्यार लेंग्याक पुसूचो होतास!"

तेव्हापासून मंडळात लाल शाई वर्ज्य. आणि अंगठा हाही ठसाच, हे मला मान्य करावे लागले.

*

पुढे मास्तरांचे बांद्याचे घर आवरायचे ठरले. नाताळानंतर ते मुलीकडे मडगावला कायमचे जाणार होते. म्हणजे त्याआधी उरली एकच नवी पेटी, माझी. ताई एकट्याच माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "गुरुजी, मी उशिरा जातंय. मास्तरांका जावंदे पुढे."

हे कसे कोण जाणे मास्तरांना कळले. ते संतापले नाहीत. पण शब्द सावकाश उच्चारले. "तीस वर्सां पेपर तपासलंय. फुटलेल्या पेपराचे मार्क माका नको. सुलभाक सांगा, स्कूटर जोरात हाण!"

*

ती पेटी मी एका गावच्या देवळालगतच्या देवराईच्या कडेला, गुरवांच्या अनुमतीने ठेवली होती. त्यांची अट होती की पेटी उघडताना मी हजर असावे. म्हणून मी सकाळपासून देवळाच्या पायरीवर बसून होतो.

संकेतातल्या 'दोन वाटां'पैकी ताईंनी चुकीची धरली. वळणावरून काठी टेकत आले ते मास्तर! त्यांनी दगडाआडून डबा काढला, पुसला, वही उघडली. पान कोरे होते. त्यांनी ते माझ्याकडे वळवून दाखवले. शाईची गादी उघडली.

तेवढ्यात गुरव बाहेर आले. "मास्तरांनू, थांबा. पयले तुमी नाय."

"मगे कोण?"

"देव. गुरुजींनी पेटी ठेवली तेवाच तेणां बगल्यान. तो हयच आसा."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. रापणकराची सही आणि आजोबांचा अंगठा मान्य केलेला मी. आता कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

मास्तरांनी हातातला शिक्का उलटून पाहिला. मग गुरवांना म्हणाले, "बराबर आसा तुमचा. पण देवाचो शिक्को खंय आसा?"

हा प्रश्न गुरवांना कुणी विचारला नसावा. ते देवालाच विचारायला आत गेले. देवाच्या अंगावर पाण्याने पाकळ्या चिकटवून त्यांनी गाऱ्हाणे घातले. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आम्ही दोघे दाराबाहेर उभे. मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली होती.

पाकळी पडली. उजवी.

गुरव म्हणाले, "देवान कौल दिल्यान. तेच्या वतीन तुमीच मारा."

मास्तरांनी चपला काढल्या, पायरीवर टेकले आणि कोऱ्या पानाच्या माथ्यावर खंड्या उमटवला. फुंकर घालून वाळवला. मग शिक्का पुन्हा शाईच्या गादीवर टेकवून त्याच्याखाली दुसरा उमटवला.

इतक्यात स्कूटरचा आवाज आला. ताई धापा टाकत आल्या आणि वहीत डोकावल्या.

"ह्यां काय, मास्तरांनू? दोन-दोन? म्हंजे मी तिसरी?"

"तिसरी," मास्तर म्हणाले. "पयलो आत बसलो आसा, दुसरो भायर बसलो आसा. तू चपला काढ आनि शिक्को मार!"