समुद्राचा सातबारा

पाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका स्पॅनिश माणसाचा मला हेवा वाटायचा. हायस्कुलात इतिहास शिकवता शिकवता तो एका जुन्या पुस्तकात भेटला आणि मग डोक्यातून गेलाच नाही. नव्या मुलखात नशीब काढायला आलेला हा गडी शेतीत बुडाला, डुकरं पाळून पाहिली, त्यातही बुडाला. शेवटी आपल्या कुत्र्यासकट एका रिकाम्या पिंपात लपून दुसऱ्याच्या जहाजातून पळाला. जहाज खोल पाण्यात गेल्यावर बाहेर आला आणि थोड्याच काळात त्याच लोकांचा म्होरक्या होऊन बसला! आमच्या सात पिढ्यांत असली हिंमत कोणी केली नाही. तुरीऐवजी सोयाबीन पेरणं, हे आमचं सगळ्यात मोठं धाडस.

त्याला सोनं हवं होतं, हे खरंच. त्यापायी त्यानं तिथल्या लोकांवर कुत्रे सोडले, गावं लुटली. देवमाणूस तो नव्हताच. पण सोन्याहूनही त्याला दुसरी एक हाव होती आणि माझं मन तिथं अडकलं. डोंगरापलीकडे मोठा समुद्र आहे असं कळल्यावर तो जंगल तुडवत निघाला. माथा जवळ आला तशी त्यानं फौज खाली थांबवली आणि एकटा वर चढला. का, तर समुद्र आधी आपण पाहावा म्हणून. वाट दाखवणारे तिथले लोक तो समुद्र जन्मापासून पाहत होते, पण त्यांना विचारतो कोण? पुस्तकात पहिला म्हणून नाव ह्याचंच लागलं.

मेडशीजवळच्या आमच्या गावात पहिलं होण्याचा दिवस एकच, पोळा. शिंगं रंगवलेले, झुली घातलेले बैल आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभे राहतात आणि तोरण तुटायच्या आधी माणसं झडत्या म्हणतात. झडती म्हणजे जुळवलेल्या ओळी, कोणाची तरी टोपी उडवणाऱ्या. शेवटी सगळ्या गावानं ‘हर हर महादेव’ करायचं. पहिली झडती माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची असे. ते असेपर्यंत त्यांच्याआधी कोणी तोंड उघडलं नाही. ते गेले आणि जागा रिकामी झाली. ही जागा कोणी कोणाला देत नाही. ज्याचा आवाज आधी चढतो आणि गाव ज्याला दाद देतं, त्याची ती होते. मला ती हवी होती. शिकलेला मी, खानदानातला थोरला मी. दुसरं होतंच कोण?

होता. माझा चुलत भाऊ, धाकट्या काकाचा मुलगा. दहावीत आपटल्यावर त्यानं सोयाबीन काढायचा हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, घेतला आणि हंगामात तो घेऊन गावोगाव फिरू लागला. मशीनच्या धडधडीत ओरडून ओरडून त्याचा आवाज असा झालाय, की त्याला माइक लागत नाही.

त्याच्या हातात हत्यार मीच दिलं. उन्हाळ्यात आम्ही दोघं आत्याला उतरवून घ्यायला जऊळक्याच्या स्टेशनावर गेलो होतो. गाडी लेट. वेळ जाईना म्हणून मी त्याला त्या स्पॅनिश माणसाची गोष्ट सांगायला घेतली. चांगली रंगवून सांगितली. डोंगर झाला, किनारा आला, हा गडी हातात तलवार आणि निशाण घेऊन कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि ओरडून म्हणाला, हा सगळा समुद्र आता माझ्या राजाचा. भाऊ खो-खो हसला.

“म्हंजे अख्ख्या समुद्राचा सातबाराच केला म्हना की नावावर!”

तेवढ्यात गाडी आली आणि गोष्ट तिथेच राहिली. मी मात्र घरी येईपर्यंत त्याचं बोलणं मनात घोळवत होतो. एवढी वर्षं मी त्या माणसाला घोकत होतो; मला हे वाक्य का नाही सुचलं?

पोळ्याच्या दिवशी मी झडती पाठ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तोरणाशी गेलो. पाटलांची मानाची जोडी तोरणाखाली आली की सुरू करायचं, अशी रीत. मी रीतीचा माणूस. जोडी यायला दहा पावलं उरली असतील, मी घसा खाकरला, आणि माझ्या कानाशी तो आवाज फुटला:

“पिंपात बसून गेला गडी सातासमुद्रापार,
डुकरं राखनाऱ्याच्या हाती आली तलवार!
पान्यात उभा राहून म्हने, समुद्र माह्या नावावर,
अरे तलाठी कुठं व्हता तुहा, फेरफार कोन्या गावावर?”

गाव फुटलं हसून. फेरफारासाठी तलाठ्याच्या दारात चपला झिजवलेले म्हातारेसुद्धा डोळे पुसत होते. ‘हर हर महादेव’ असं उठलं की पाटलांचा बैल बुजला. मी माझी झडती नंतर म्हटली. काय म्हटली ते कोणाला आठवत नाही, मलाही नाही.

पुढचं सहन करणं त्याहून अवघड होतं. व्हिडिओ फिरला. रिठदहून मेव्हण्यानं फोन करून मला त्याचं कौतुक ऐकवलं. शाळेत नववीतल्या एका पोरीनं विचारलं, “सर, तो पिंपातला मानूस तुमाले माहीत हाय का?” तिला खाली बस म्हणताना माझा आवाज चढला. माझा माणूस, माझं पुस्तक, माझी गोष्ट, आणि तिच्यावर नाव त्याचं लागलं होतं! पोटात दुखत होतं, दुसरा शब्द नाही.

यंदा पोळा जवळ आला तसा भाऊ घरी आला. बायकोनं चहा ठेवला.

“दादा, पुढचं सांगा ना. समुद्र नावावर केल्यावर मंग काय झालं त्याचं? लोकं इचारून राह्यले मले.”

पुढचं मला तोंडपाठ होतं. राजानं एक म्हातारा सुभेदार पाठवला. त्यानं ह्याला आपली मुलगी देऊ केली, जावई म्हणून मिरवलं आणि आतून कुढत राहिला. सगळ्यांच्या तोंडी ह्याचंच नाव, ते त्याला बघवेना. शेवटी फितुरीचा आळ घेऊन त्यानं भर चौकात जावयाची मान उडवली.

“काही नाही रे,” मी म्हटलं. “राजानं सत्कार केला, जहागीर दिली. सुखात राहिला.”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. ती ही गोष्ट माझ्या तोंडून कितीदा ऐकून बसलेली. चहा पुढे ठेवून आत गेली. मी ठरवलं होतं: त्यानं पुचाट शेवट म्हणावा आणि मग मी खरा म्हणावा, सगळ्या गावासमोर.

पोळ्याला पाटलांची जोडी तोरणाखाली आली. गाव भावाकडे बघत होतं. त्यानं माझा दंड धरला आणि मला पुढे ओढलं.

“आज पयली झडती दादा म्हनतीन. गोष्ट त्याहीचीच हाय, मी त फक्त पोचवली.”

हवी होती ती जागा अशी मिळाली. मला काही सुचेना, म्हणून जे तयार होतं तेच म्हटलं:

“सासऱ्याच्या डोळ्यांत जावई खुपू लागला फार,
भर चौकात नेऊन त्याच्या मानेवर तलवार!”

कोणी हसलं नाही. एक म्हातारी म्हणाली, “मास्तर, सनाच्या दिवशी मुंडकं कायले तोडलं?” आणि मला तेव्हा कळलं की तोरणाखाली, सजवलेल्या जनावरांपुढे, असलं कोणी बोलत नसतं. लहान पोरालाही हे माहीत असतं. भाऊ माझ्या खांद्यावरूनच ओरडला:

“सासऱ्यानं जावयाची केली अशी होयी,
आपल्या बैलाले चारा बाबा पुरनाची पोयी!”

हसू फुटलं, महादेव झाला, तोरण तुटलं. दाद कोणाला मिळाली ते सांगायला नको.

मग बैल घरोघर ओवाळायला निघाले. भाऊ माझ्या बाजूला चालत होता. खोटा शेवट का सांगितला ते आता विचारणार, हे मला माहीत होतं, आणि खरं सांगतो, त्यानं विचारावं, भांडावं, अशी माझी इच्छाही होती.

“दादा,” तो म्हणाला, “सनाले असं चालत नाही म्हून तुमी मले गोड शेवट सांगतला व्हता ना? मंग सोताच काहून भुलले?”

त्याच्या चेहऱ्याकडे मी नीट पाहिलं. टोमणा नव्हता. वर्षभर मी त्याच्यावर जळलो आणि त्याला धूरसुद्धा दिसला नव्हता.