एग्मोरच्या खिडकीतलं कोलंबो

“कोलंबोस मॅच बघायास जाणाऱ्यानें पहिल्यानें मॅच विसरावें,” असं राघोत्तमराव एकदा म्हणाले, आणि खिडकीपुढे उभ्या असलेल्या सहा जणांनी ते वहीत उतरवून घेतलं.

उतरवून घेण्यासारखं त्यात काय होतं, ते त्या सहा जणांनाच ठाऊक. मद्रासचे फुटबॉलवेडे तसे कशालाही मान डोलावणारे. मूर मार्केटमागच्या मैदानावर खेळणारे अनवाणी पळत आणि बघणारे बूट घालून बसत, तरी पाय दुखल्याची तक्रार बघणारेच करत. त्यांच्यातल्या कोणाला कूवम नदीपलीकडचा पत्ता सांगितला तर तो दोन ठिकाणी विचारून तिसऱ्याच गल्लीत पोचे. असल्या माणसांना समुद्रापलीकडे मॅच बघायला जायचं म्हणजे कोणीतरी गुरू हवाच. तो त्यांना एग्मोर स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीत आयता मिळाला.

राघोत्तमराव त्या खिडकीत बावीस वर्षं बसले. तंजावरचे मराठे ब्राह्मण, कपाळावर गंधाची बारीक रेघ, कोटाच्या खिशात तपकिरीची डबी. त्यांचं मराठी तंजावरचं, शंभर-दोनशे वर्षं मागे राहिलेलं आणि तमिळच्या चालीवर चालणारं. पुण्याकडून बदलून आलेले कारकून त्याला हसत. राघोत्तमराव त्यांच्या मराठीला हसत नसत, कारण त्यांना ते मराठी वाटतच नसे.

संध्याकाळी एग्मोरहून बोट मेल सुटे. दुसऱ्या दिवशी ती धनुष्कोडीला पोचे, तिथून आगबोट, पलीकडे तलैमन्नार, आणि मग सिलोनची गाडी थेट कोलंबोला. हा रस्ता राघोत्तमरावांना तळहातासारखा पाठ होता. आगबोटीचा जिना किती पायऱ्यांचा, पलीकडच्या कस्टमवाल्यांपैकी कोण चिडका, कोलंबो फोर्ट स्टेशनबाहेर कोणत्या हाताला शाकाहारी खाणावळ, सगळं. आणि स्वतः राघोत्तमराव कुंभकोणमच्या खाली कधी गेलेले नव्हते.

परत आलेल्या प्रवाशांना खिडकीपाशी थांबवून ते एकेक गोष्ट विचारून घेत आणि पुढच्या प्रवाशाला आपली म्हणून देत. एकदा जाफन्याचा एक तंबाखूचा व्यापारी त्यांना म्हणाला, “सार, तुम्ही सांगितलेलं वडाचं झाड तलैमन्नारला नाहीच.”

“मग तुम्हीं दुसऱ्या बाजूनें उतरलांत,” राघोत्तमराव म्हणाले.

“तिथं एकच बाजू आहे.”

“तेंच म्हणतों मी. नीट बघायास पाहिजे होतें.”

फुटबॉलवाल्यांना त्यांनी दिलेला उपदेश एका बैठकीत संपत नसे. लस टोचून घ्यायची ती दहा दिवस आधी, कारण दंड सुजतो आणि सुजलेला दंड बघून धनुष्कोडीच्या अलीकडे मंडपमला प्रवासी तपासणारा डॉक्टर खूश होतो. टोचल्याचा कागद अंगावर बाळगायचा, पिशवीत कधी नाही. कागद नसला तर मंडपमच्या छावणीत अडकून पडावं लागतं, आणि छावणीतून मॅच दिसत नाही. सोन्याची अंगठी घरी ठेवायची. पुळियोदरै म्हणजे चिंचेचा भात तीन दिवस टिकतो, दहीभातावर मात्र दुपारनंतर विश्वास टाकू नये. आगबोटीत मध्यभागी बसायचं, वाळवलेल्या नारत्तंगायची, म्हणजे ईडलिंबाची, खारट फोड जिभेखाली धरायची आणि पाण्याकडे बघायचं नाही.

मैदानावरचे नियम तर आणखी कडक. सगळ्यांनी एका ठिकाणी बसू नये, घोळका दिसला की दगड कुठे मारायचा ते लोकांना कळतं. त्यांचा पहिला गोल झाला की टाळ्या वाजवाव्यात, यजमानाचा मान असतो. तमिळमध्ये शिव्या देऊ नयेत, शेजारच्यालाही तमिळ येतं. पंच चुकला तरी बरोबर, कारण पोलीस त्याच्या गावचे. “आमच्या गावाला या, मग बघू,” हे वाक्य तर कोणत्याच भाषेत उच्चारायचं नाही. आणि मॅच संपायला पाच मिनिटं उरली की आलो त्याच फाटकातून बाहेर पडायचं.

चोपन्न साली एक टोळी हे सगळं पाळून आली. बोटीत मध्यभागी बसून त्यांनी समुद्र पाहिला नाही. खारट फोडी चघळल्या. विखरून बसले, तेव्हा एकमेकांशी बोलायची सोय उरली नाही. पाच मिनिटं आधी उठले आणि ट्रामच्या थांब्यावर उभे असताना आतून मोठा आवाज ऐकला. मद्रासनं मॅचमधला एकुलता एक गोल मारला होता.

परत आल्यावर ते भांडायला खिडकीवर आले. राघोत्तमरावांनी तपकीर ओढली, शिंकले, आणि म्हणाले, “गोल पेपरांत येतो. तुमचें डोकें फुटलें असतें तर तें पेपरांत आलें असतें काय?”

यावर त्या मूर्खांनी त्यांचे आभार मानले. त्यांच्यापुरतं हेही ठीकच. ज्याला डोकं वापरायचं नसतं, त्याला ते शाबूत परत आणल्याचा आनंद मोठा असतो.

छप्पन साली पुन्हा कोलंबोचं आमंत्रण आलं. या खेपेला फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी सत्यनारायण, घामट, दयाळू आणि सतत घाईतला माणूस, खिडकीत डोकं घालून म्हणाला, “सार, एकोणीस जण जातोय. विसावे तुम्ही.”

वर्षअखेरीला राघोत्तमराव निवृत्त होणार होते. नोकरीत आहे तोवर धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत त्यांचा पास चालत होता, पुढचं बोटीचं तिकीट क्लब देणार होता. हे चुकलं तर पुन्हा कोण कशाला बोलावणार? खिडकीतून उठलेल्या माणसाचा सल्ला खिडकीतच राहतो. घरी गेल्यावर ते बायकोला, भवानीबाईंना, म्हणाले, “बघूं तरी एकदां. बावीस वर्षें झालीं, लोकांस सांगतों.” भवानीबाईंनी त्याच आठवड्यात त्यांना टोचून घ्यायला लावलं. त्यांचा दंड चांगला नारळाएवढा सुजला. सिलोनला जायचा परवाना आला, आठ दिवसांची रजा मंजूर झाली. स्टेशनवरचे हमालसुद्धा विचारू लागले, “सामी, निघाले का?”

अडचण एकच होती. गाडी गुरुवारची, आणि गुरुवारी दक्षिणेला शूल. त्या वारी दक्षिणेकडे निघू नये हे तमिळ माणसालाही ठाऊक आणि मराठी माणसालाही. त्यावर मात्र दोघांचं कधी भांडण नाही. त्यावरचा तोडगाही दोघांकडे एकच. आदल्या दिवशी प्रस्थान ठेवायचं. आपली एखादी पिशवी जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवली की माणूस निघाला असं धरतात, मग देहानं तो कोणत्याही वारी निघो. नियम एवढाच की ठेवलेलं प्रस्थान मागं येता कामा नये. पिशवी घरी परतली म्हणजे माणूसच अर्ध्या वाटेवरून परतला, आणि तसा परतलेला पुन्हा निघाला तर धड पोचत नाही म्हणतात.

बुधवारी राघोत्तमराव लोकलनं दक्षिणेकडच्या मांबळमला गेले आणि चुलतभाऊ दत्तोपंतांच्या देवघराशी पिशवी ठेवून आले. धोतर, अक्षता, सुपारी, हळकुंड. प्रस्थानात प्रवासाला सर्वांत मोलाचं असेल ते ठेवावं अशी त्यांच्या घरची रीत होती. म्हणून त्यांनी परवाना आणि टोचल्याचा कागदही त्यातच ठेवला. गुरुवारी संध्याकाळी गाडी त्याच्या पुढे तांबरमला थांबेल तेव्हा दत्तोपंत ती फलाटावर हातात देणार होते. कागद मंडपमला लागणार होते, त्याच्या कितीतरी आधी ते हाती येणार होते. हिशेब पक्का होता.

गुरुवारी दुपारी एक वाजता एग्मोरच्या एका खोलीत आगबोट कंपनीचा माणूस टेबल टाकून बसला. एकोणीस जण कागद घेऊन रांगेत उभे होते. रांगेच्या टोकाला राघोत्तमराव, नवा कोट घालून, रांग सरळ करत.

“हें काय चाललें?” त्यांनी सत्यनारायणला विचारलं.

“कागद तपासतायत ना सार.”

“कागद मंडपमास तपासतात.”

“नवा नियम. टोळीनं जाणाऱ्यांचे इथंच बघतात. चार वाजेपर्यंत शिक्का घेतला नाही तर बोटीचं तिकीट नाही.” मग सत्यनारायणला जरा नवल वाटलं. “सार, तुमच्याच खिडकीवर नोटीस लावलीय. पंधरा दिवस झाले.”

खरंच लावली होती. काचेवर, बाहेरच्या बाजूनं, प्रवाशांना दिसेल अशी. पंधरा दिवस शेकडो लोकांनी ती वाचली, आणि तिच्या पाठीमागे बसलेल्या माणसाला कागदाची कोरी बाजू दिसत राहिली. इतका सल्ला देणाऱ्याला कोण सांगणार? सगळ्यांना वाटलं, त्यांनीच लावली असेल.

“तुमचे कागद कुठायत?” रत्नाकरनं विचारलं. हा सोलापूरकडचा, बँकेतला कारकून, टोळीतला विनोदी माणूस. उत्तर ऐकून तो हसत सुटला. “म्हणजे कागद आधीच निघाले? मग तुम्हीच मागं राहिलात की, राव! मांबळम वीस मिनिटांवर आहे. मी जाऊन घेऊन येतो.”

“नको.”

“पिशवी तिथंच राहू द्या. नुसते कागद आणतो.”

“कागद प्रस्थानांतला आहे, तंबी. तो आला म्हणजे प्रस्थान आलें. मागें आणूं नये.”

मग राघोत्तमरावांनी टेबलामागच्या माणसाला अत्यंत सभ्यपणे सुचवलं की त्यानं शिक्का घेऊन तांबरमपर्यंत गाडीतून यावं, फलाटावर कागद दाखवतो. तो माणूस शिक्का शाईत दाबत म्हणाला, “सामी, मी मूळचा रामेश्वरमचा. समुद्राच्या देवाला सांगून बोटच इथं आणवू का?”

एकोणीस जण हसले. सर्वांत मोठ्यानं हसले ते चोपन्न साली त्यांच्या शब्दाखातर पाच मिनिटं आधी उठून आलेले. बावीस वर्षं ज्याचं ऐकलं त्याला हसण्याची संधी मिळाली की माणसं व्याजासकट हसतात. राघोत्तमराव बाकावर बसले आणि डबी उघडून बसून राहिले, तपकीर न ओढता.

रत्नाकर हसून झाल्यावर उठला आणि गुपचूप बाहेर गेला. त्याला वाटलं होतं त्याहून माणूस जास्त फिकट पडला होता. मांबळमला जायला त्याला मनाई होती, राघोत्तमरावांच्या घरी जायला नव्हती. घर स्टेशनमागच्याच गल्लीत होतं. त्यानं भवानीबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चुलीवरचं भांडं उतरवलं, शेजारणीला किल्ली दिली आणि एकट्या लोकल धरून मांबळमला गेल्या.

साडेतीनला त्या खोलीत आल्या. पदरानं मान पुसली आणि पिशवी नवऱ्याच्या मांडीवर ठेवली.

“घ्या. अस्की कागदं हितंच आहेत, एकूण एक.”

राघोत्तमरावांनी पिशवीला हात लावला नाही. “कसाला आणलांत?”

“तुम्हांस जायाचें आहे म्हणून आणलें. रात्रीं झोंपेंत बोटीच्या पायऱ्या मोजतां तें मला कळत नाहीं काय?”

“मागें आलें हें.”

“मी आणलें. तुम्हीं आणलां नाहीं. जो काय अपशकुन असेल तो माझ्या पायांस लागूं दे. मी घरांतच राहतें, मला काय होतें? तुम्हीं जाऊन या.”

“बायकोनें आणलें तरी—”

“अय्यो, आतां पुरे! ऊठा.”

खोलीत आता कोणी हसत नव्हतं. सत्यनारायणनं पुढे होऊन पिशवीतून दोन्ही कागद काढले, अक्षता झटकल्या आणि टेबलावर ठेवले. टेबलामागच्या माणसानं ते वाचले. परवाना ठीक होता, टोचल्याची तारीख ठीक होती. “सगळं बरोबर आहे, सामी,” तो या वेळी साध्या आवाजात म्हणाला. “इथं फक्त तुमची सही.” त्यानं टाक दौतीत बुडवून पुढे धरला.

घड्याळात चाराला वीस मिनिटं कमी होती. अडवणारं काही उरलं नव्हतं. अपशकुन बायकोनं आपल्यावर घेतला होता, कागद आले होते, बोट धनुष्कोडीला उभी होती. आणि पलीकडे ते तलैमन्नार होतं, जिथं वडाचं झाड एक तर असणार होतं किंवा नसणार होतं, आणि ते आता त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागणार होतं.

“सही करा ना,” भवानीबाई हळूच म्हणाल्या.

टाकाच्या टोकावरून शाईचा थेंब परवान्यावर पडला. टेबलामागच्या माणसानं तो टिपकागदानं टिपला आणि टाक पुन्हा पुढे केला. राघोत्तमराव उठले. पिशवी त्यांच्या मांडीवरून घसरली, सुपारी फरशीवर गडगडत सत्यनारायणच्या बुटाशी जाऊन थांबली. त्यांनी टाकाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं नाही. नव्या कोटाची बटणं वरपासून खालपर्यंत एकेक लावली, आणि रांगेतल्या एकोणीस जणांच्या मधून, सही न करता, दारातून बाहेर निघून गेले.