शिकागोच्या हॅलोविनला मी इंजिनिअर झालो त्याची गोष्ट

शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या लायब्ररीत इंग्रजी फुकट शिकवतात. तिथे माझ्या शेजारी बसणारी जपानी केइको नवऱ्याबरोबर शिकागोत राहायला गेली आणि तिने अख्ख्या क्लासला हॅलोविनला घरी बोलावलं. अट एकच, वेष बदलून यायचं. मी हॉटेलात तंदूर सांभाळतो, शाळा नववीत सोडली. आपल्याला न शोभणारं सोंग कुठलं, म्हणून रूममेट नीलेशकडे बघितलं आणि ठरलं. इंजिनिअर.

नीलेश पुण्याचा. त्याचं प्रोजेक्ट संपलेलं, महिनाभरात दुसरं मिळालं नाही तर व्हिसा गेला आणि हा परत पुण्याला. तू पण चल म्हटलं, तर म्हणाला, "यार, इथे नोकरी चाललीय आणि मी भूत होऊ?" पण कोट दिला, टाय बांधून दिला, खिशात स्वतःची कार्डंही घातली. "होतोयस तर नीट हो."

तुम्ही जाणार असाल तर ट्रेननेच जा. शनिवार-रविवार मिळून पाच डॉलरचं तिकीट, हवं तेवढं फिरा. शिकागोत नुसत्या पार्किंगला त्याहून जास्त जातात. आमच्या डब्यात दोन चेटकिणी, एक केळं आणि पेपर वाचणारी एक गाय होती. लोक त्यांचे फोटो काढत होते. सगळ्यात मोठं सोंग माझं, पण माझ्याकडे कोणी ढुंकून बघेना. आणि आतून स्वेटर घाला, तिथला वारा कोटाला जुमानत नाही.

केइकोच्या दारात बूट काढायचे. आपल्याला त्यात नवीन काही नाही, पण क्लासमधल्या मेक्सिकोच्या सांगाड्याच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला आणि त्याची सगळी दहशत गेली. जेवायला समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात, भोपळ्याची भाजी आणि मी नेलेलं चिकन टिक्का. शाकाहारी असाल तर आधीच सांगून ठेवा, त्या भोपळ्यातसुद्धा मासळीचं पाणी असतं.

केइकोचा नवरा मोरी-सान एका जपानी कंपनीत मॅनेजर. तो बेडूक झाला होता. बेडकाने दोन्ही हातांनी मला कार्ड दिलं, वाकला. मीही वाकून नीलेशचं कार्ड दिलं. त्याने ते नीट वाचलं आणि कामाचंच विचारायला लागला. अमुक सॉफ्टवेअर येतं का? म्हटलं, "माहीत नाही." तमुक कामाला किती दिवस लागतील? "माहीत नाही." मला वाटलं, सोंगात सोंग चाललंय.

मंगळवारी नीलेशला मोरी-सानचा फोन. म्हणे अमेरिकेत 'माहीत नाही' म्हणणारा पहिला इंजिनिअर भेटला, मुलाखतीला या. मी केइकोला फोन करून खरं काय ते सांगून टाकलं. मोरी-सान खूप हसला म्हणे, आणि म्हणाला, "मग आता खऱ्याला पाठव."

रात्री मी बेडूक झालो आणि नीलेशची तयारी घेतली.

"जपानी येतं?"

"शिकतोय."

"येतं का?"

"लवकरच येईल."

"अरे, नाही म्हण ना."

"तोंडातून निघतच नाही यार. सोळा वर्षं शिकलो, त्यात एवढंच शिकवलं की प्रश्न कोरा सोडायचा नाही."

मुलाखतीहून आला तो टाय सैल करतच. "मस्त झाली. सगळं येतं म्हणालो." दोन दिवसांनी अतिशय गोड शब्दांत नकार आला. नीलेशने पुण्याच्या तिकिटाची चौकशी केली, रात्री जेवला नाही. मग एका अमेरिकन कंपनीने फोनवरच मुलाखत घेतली. याने प्रत्येक प्रश्नाला "नो प्रॉब्लेम" म्हटलं आणि दूर दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलला नोकरी लागली. जाताना कोट मला देऊन गेला.

ट्रिपमधून काय मिळालं म्हणाल, तर खरं बोलायची हौस. काल मालकांनी विचारलं, "डोसा जमतो ना रे?"

म्हटलं, "माहीत नाही."

"बरं. मग ज्याला जमतो त्याला आणतो."

"जमतो की काका," मी म्हटलं. "नो प्रॉब्लेम."

सकाळपासून तवा खरवडतोय.