दार लावून फेटलेली अंडी

नाताळ जवळ आला की आमच्या नायगावच्या इमारतीच्या जिन्यात व्हॅनिलाचा वास रेंगाळायला लागतो. शाकाहारी शेजाऱ्यांच्या बिनअंड्याच्या केकचा, गोड, सोज्वळ वास. तो आला की मला निर्मळ गावातलं माहेर आठवतं आणि लगेच मान खाली जाते.

तिथे आई अंडी फेटायची ती ओटीवर बसून, साऱ्या आळीच्या देखत. मांडीत कल्हईचं पातेलं, हातात काटा, आणि त्याचा खणखणाट पार केळीच्या वाडीपलीकडे जायचा. पांढरं वेगळं, पिवळं वेगळं. पांढऱ्याने फेस धरला की नाही हे बघायला ती पातेलं सरळ आमच्या डोक्यावर उपडं धरायची. आम्ही डोळे गच्च मिटून किंचाळायचो आणि थेंबही पडायचा नाही. रस्त्याने जाणारी एखादी बाई सायकल न थांबवताच विचारायची, "रव्याचा केक का गं?" यात लपवण्यासारखं काही असेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

गेल्या नाताळात आई माझ्याकडे आली. घरात कोंदट वाटतं म्हणून दार सताड उघडं टाकून उंबऱ्याशीच पातेलं घेऊन बसली. खणखणाट ऐकून समोरच्या बाई बाहेर आल्या. वाईट नाहीत हो त्या. मी तापाने पडले तेव्हा त्यांच्याच घरची खिचडी खाल्ली होती मी. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, पदर नाकाला लावला आणि आपलं दार हळूच ओढून घेतलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी म्हणेन असं तिला वाटलं असावं. मी आपली रवा चाळत राहिले.

"आत बसते बाय," ती म्हणाली, "इथे वारा फार."

वारा कसला आलाय. आत येऊन तिने कडी लावली आणि काटा पातेल्याच्या कडेला लागू नये अशा बेताने फिरवू लागली. आवाज झाला नाही, तसा फेसही झाला नाही. केक पार बसला. "तुझा ओव्हन नवा, त्याला सवय नाही," म्हणत तिने तोच चपटा तुकडा कौतुकाने खाल्ला.

गावं पसरतात, माणसं मजल्यांवर राहायला येतात, शेजार सांभाळावा लागतो, सगळं खरं. समोरच्या बाईंचा मला रागही नाही. लाज वाटते ती निराळ्याच गोष्टीची. आईने आतून कडी लावली तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं.