कॉन्रॅडच्या कॅरिअरवरची बाई

वसईच्या आमच्या आळीत कॉन्रॅड तुस्कानएवढा गरीब गडी शोधून सापडला नसता. बायकांशी बोलायची वेळ आली की हा चपलेच्या अंगठ्याकडे बघून बोलायचा. केळींशी मात्र तासन्‌तास गप्पा! "काय गं, आज मान टाकलीस? पानी कमी पडलं?" असं वाडीतून ऐकू आलं की समजावं, कॉन्रॅड कामावर आहे. त्याची बायको इनेझ म्हणायची, "पुढच्या जन्मी केळच व्हायला पाहिजे. निदान विचारपूस तरी होईल."

आणि अशा माणसावर अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यानंतर समन्स आलं! तेव्हा सायकलवर डबलसीट हा गुन्हा होता. बाई डबलसीट बसवून नेली, हवालदाराने शिटी मारली तरी थांबला नाही, सबब कोर्टात हजर व्हावं. हवालदाराने सायकलच्या मागच्या बिल्ल्यावरचा नंबर टिपला होता.

समन्स घेऊन शिपाई आला तेव्हा फ्लॉसीमावशी नेमकी ओट्यावर सुकट निवडत बसलेली. मावशीच्या कानात एकदा गोष्ट पडली की चर्चच्या घंटेची गरज नाही. संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेपर्यंत अख्ख्या आळीला पाठ झालं: तांबड्या लुगड्यातली बाई, तिन्हीसांजेची वेळ, पापडीचा नाका. आणि इनेझ तर त्या संध्याकाळी घरीच होती. मावशीकडूनच आल्याचा तुकडा मागून नेला होता!

"कोण होती?" इनेझने विचारलं.

"बाई नव्हती गं. राजेळी केळ्यांचा घड होता. सणाला चर्चमध्ये द्यायला नेत होतो. मार लागू नये म्हणून गुंडाळला होता."

"कशात?"

"गोणपाटात."

"गोणपाट तांबडं कधीपासून यायला लागलं?"

इनेझने उठून पेटी उघडली. तिचं लग्नातलं तांबडं लुगडं, नाताळ-ईस्टरलाच बाहेर निघणारं, जागेवर नव्हतं! "म्हणजे माझंच लुगडं नेसवून फिरवलीत तिला!" एवढं बोलून तिने जे तोंड मिटलं ते मिटलंच. जेवणाचं ताट यायचं, पण ते ठेवल्याचा आवाज शेजारी ऐकू जायचा.

आता खरं काय ते ऐका. त्या संध्याकाळी दिवे गेलेले. कॉन्रॅडने अंधारात पेटीत हात घातला, जुनेर समजून हाताला लागलं ते ओढलं आणि घडाला गुंडाळलं. चर्चच्या आवारात कंदिलाच्या उजेडात सोडून बघतो तर लग्नातलं लुगडं, आणि त्यावर केळीचा चीक! वसईत पोराटोरांनाही ठाऊक आहे, तो चीक कपड्याला लागला की कपडा फाटेल, डाग जाणार नाही. त्याने तिथेच घामाघूम होऊन लुगडं पिशवीत कोंबलं, उघडा घड आत नेऊन दिला, आणि घरी येताना पिशवी विहिरीवरच्या इंजिनाच्या खोपीत, आढ्याला खोचून ठेवली. म्हणजे बाई नव्हती याचा पुरावा त्याच्याकडे होता. फक्त तो दाखवायची हिंमत नव्हती.

बांधापलीकडच्या वाडीतले हरिभाऊ त्याच्या मदतीला आले. एका बांधाच्या भांडणापायी हरिभाऊंची निम्मी हयात कोर्टात गेली होती आणि उरलेली निम्मीही तिथेच जावी अशी त्यांची इच्छा होती.

"हरिभाऊ, मी आपला दंड भरून मोकळा होतो."

"भर की! साहेब विचारतील, गुन्हा कबूल? तू म्हण कबूल. दोन मिनिटांत सुटशील. पण बाबा, गुन्हा कबूल म्हणजे बाई कबूल! सरकारी शिक्क्यासकट. मग इनेझसमोर कुठल्या तोंडाने उभा राहशील?"

"मग करू काय?"

"नाही म्हण! तो तुझा हक्क आहे. मग त्या हवालदाराला शपथेवर सांगावं लागेल, आणि तुला त्याला उलट प्रश्न विचारता येतील. कोर्टात आरोपी पोलिसाला प्रश्न विचारतो, कॉन्रॅड! अरे, काय मजा असते!"

पहिल्या तारखेला डबलसीटवाल्यांची ही रांग. "कबूल?" "कबूल." "कबूल?" "कबूल." फादरपुढे पापनिवेदनाच्या रांगेत असावीत तशी माणसं भराभर पुढे सरकत होती. कॉन्रॅडची पाळी आली. अंगठ्याकडे बघतच तो म्हणाला, "नाही, साहेब."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मान वर केली. मागे हरिभाऊंनी मांडीवर थाप मारली.

दुसऱ्या तारखेला आळी लोटली! फ्लॉसीमावशी तर रविवारच्या मिस्सेच्या प्रार्थनेला घ्यायची चांगली ओढणी घेऊन पुढच्या बाकावर. इनेझही आली, बाई कोण ते कळेल म्हणून. कॉन्रॅडच्या हातात एक पिशवी होती. तो ती पायांमध्ये दाबून उभा राहिला.

हवालदार घाटावरचा, नवीन, पण माणूस सरळ. शपथ घेऊन म्हणाला, "साहेब, बाई कॅरिअरवर बसली होती. डोक्यावरून पदर. आरोपीने एक हात मागे करून तिची कंबर धरली होती."

फ्लॉसीमावशीच्या तोंडून देवाचा धावा निघाला, "जेजू!"

"आणि तो तिच्याशी बोलत होता. 'माझे बाय, जरा सांभाळून बस, आता पोचलोच' असं म्हणत होता."

कोर्टात खसखस पिकली. इनेझचा चेहरा लुगड्यापेक्षा तांबडा झाला. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण तिला कोणी 'माझे बाय' म्हटलं नव्हतं.

"वकील नाही ना? मग साक्षीदाराला काय विचारायचं ते तुम्हीच विचारा," साहेब म्हणाले.

कॉन्रॅडने सवयीने अंगठ्याकडे पाहिलं. मग मान वर केली. "हवालदारसाहेब, बाईचे पाय दिसले?"

"नाही. घट्ट गुंडाळलं होतं सगळं."

"तोंड?"

"नाही."

"तुम्ही शिटी मारलीत. तिने मागं वळून बघितलं?"

"नाही बघितलं."

"साहेब," कॉन्रॅड एकदम रंगात आला, "आमच्याकडची बाई, पाठीमागे पोलिसाची शिटी वाजते, आणि ती वळून बघत नाही? असं कधी झालंय?"

"खरंय बाबा!" फ्लॉसीमावशी बाकावरून ओरडली. शिपायाने तिला गप्प केलं, पण तोही हसत होता.

"मग कॅरिअरवर काय होतं?" साहेबांनी विचारलं.

"केळीचा घड. एक हात त्यालाच लावला होता, कलंडेल म्हणून. म्हणूनच थांबलो नाही. आणि बोलत होतो तोही घडाशीच."

"पुरावा?"

आता आली का पंचाईत! कॉन्रॅडने पिशवीकडे पाहिलं. मग इनेझकडे पाहिलं. ती ओठ आवळून त्याच्याकडेच बघत होती. पिशवी मिटलेली राहिली तर ही बाई जन्मभर दोघांच्या मध्ये बसणार, आणि उघडली तर... त्याने छातीवर क्रूस काढला, पिशवीत हात घातला आणि लुगडं सर्रकन उलगडलं. तांबड्यावर काळपट डागांची रांग, घडाच्या फण्या जशा एकाखाली एक असतात तशी.

"माझं लगनातलं!" इनेझ ताडकन उभी राहिली.

साहेबांनी डाग पाहिले. शिपायाला काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "केळीचा चीक आहे, साहेब. आता जायचा नाही." हवालदाराने लुगडं हातात घेतलं, दारापाशी जाऊन लांबून पाहिलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "हेच होतं, साहेब. असा पदर. माझी चूक झाली असंल."

"निर्दोष," साहेब म्हणाले.

बाकांवर एकच गलका! हरिभाऊंना तर आपलाच बांध जिंकल्यासारखं झालं. पण कॉन्रॅड जागचा हलला नाही. त्याचा खरा निकाल केव्हाच बाहेर पायरीवर जाऊन उभा राहिला होता.

शेवटी तो लुगडं घेऊन बाहेर आला, तशी इनेझने ते त्याच्या हातातून घेतलं. घडी घातली. सायकलच्या कॅरिअरवर ठेवून सुंभाने आवळून बांधलं.

"धरा तिची कंबर," ती म्हणाली. "मी येते चालत."

"अगं, पण..."

"धरा म्हणते ना!"

मग काय! एका हाताने हँडल, दुसरा हात लुगड्यावर, अशी कॉन्रॅडची वरात निघाली. बाजूने इनेझ, नाक वर करून. मागे सगळी आळी, फ्लॉसीमावशी सर्वांत पुढे. पापडीच्या नाक्यापर्यंत चकार शब्द नाही.

तेवढ्यात मागून जोरात शिटी वाजली! दुसऱ्याच कोणा डबलसीटवाल्याला होती ती. पण इनेझ गर्रकन वळून बघायला लागली, अगदी टाचा उंचावून.

"बघ," कॉन्रॅड हळूच म्हणाला. "साहेबांना मी काय सांगितलं होतं?"

इनेझने ओठ दाबले. दाबून बघितले, पण हसू फुटलंच. असं फुटलं की तिला सायकलचं हँडल धरून उभं राहावं लागलं.

"चला आता," डोळे पुसत ती म्हणाली. "आणि त्या घडाला म्हणालात ते घरी गेल्यावर मला म्हणा."

फ्लॉसीमावशीने ते ऐकलं. मग रोझरीपर्यंत कोण थांबतंय!