मेश्राम साहेब आणि पाच कॅन

मी, गोविंद तुकाराम लांजेवार, वय वर्षे सत्त्याहत्तर. शाळा चौथीपर्यंत, पुढचे सर्व वाचन स्वतःच्या हिमतीवर. तापवलेल्या दुधावर साय आपोआप धरावी, तसे मेश्राम साहेबांचे किस्से माझ्याजवळ साचत गेले आहेत.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी अड्याळजवळच्या आमच्या गावात दूध संकलन केंद्र उघडले. साहेब व्यवस्थापक, मी दूध मोजणारा. अट अशी, की तीन महिन्यांत रोज पाच कॅन भरले पाहिजेत. अन्यथा भंडाऱ्याहून येणारी गाडी बंद आणि केंद्रही बंद. दूध विकणे गावाला कमीपणाचे वाटे. पहिल्या दिवशी दीड लिटर आले. साहेबांनी ते चाळीस लिटरच्या कॅनमध्ये ओतले, झाकण नीट लावले आणि गाडीत चढवले.

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, एवढ्यात तं माहा चहाही होत नाही."

"मंग उद्या चहापुरतं जास्त देतो," साहेब म्हणाले.

*

दूध घराबाहेर जाताना दृष्ट लागू नये म्हणून बाया त्यात कोळशाचा खडा टाकत. गाळणीचे कापड काळे होई. दूध घालणाऱ्या पार्बताबाईंना मी त्यावरून खडसावले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अख्ख्या गल्लीचे दूध आले नाही. साहेब स्वतः त्यांच्या दारी गेले.

"मावशी, दृष्ट बाहेरूनच येते ना? मंग कोळसा आत काहून? डब्याच्या कडीले बांधा, बाहेरूनच परत जाईल."

तिसऱ्या दिवशी प्रत्येक डबा कोळसा बांधून आला. दुधातले पाणी पकडणाऱ्या आमच्या लॅक्टोमीटरच्या पेटीलाही साहेबांनी एक बांधला. म्हणाले, "गावाची खरी वाईट नजर याच्यावरच आहे!"

*

गावातल्या शंकरच्या दुधात रोज पाणी निघे. त्याचा खुलासा तयार होता. म्हैस दिवसभर तलावात बसते, पाणी अंगात मुरणारच!

"मंग उद्या म्हसच आण," साहेब म्हणाले. "पिळून घेऊ."

*

पाटलांच्या गल्लीतून निरोप आला, तो साहेबांना मीच सांगितला, हे नमूद केले पाहिजे. साहेब बौद्ध घरातले. दुधाला लांजेवारानेच हात लावावा, साहेबांनी लावू नये, तरच दूध येईल, असे गल्लीचे म्हणणे. त्या गल्लीवाचून पाच कॅन भरणे अशक्य होते.

साहेबांनी खुर्ची ओढून घेतली. मग म्हणाले, "बरं. साहेबानं खुर्चीवरच बसावं, असं तं सरकारलेही वाटते."

ते खुर्चीवर बसू लागले, मी मोजत राहिलो. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही.

*

मुदत संपत आली होती. ऐन मे महिन्यात मला ताप भरला. चादर पांघरून मी केंद्राच्या ओट्यावर पडून होतो. ऊन चढत होते, गाडीची वेळ झाली होती, डब्यांची रांग खोळंबली होती. साहेब खुर्चीवर बसून. अखेर पाटलांच्या म्हाताऱ्या आई, भागीरथाबाई, डबा घेऊन पुढे आल्या.

"बाबू, दूध नासून राहिलं. उठ ना."

"माय, मले दुधाले हात लावाची मनाई आहे."

"कोणाची?"

साहेबांनी रांगेकडे पाहिले. रांगेत पाटील उभे होते. त्यांनी मान खाली घातली. म्हातारीने मुलाकडे एकवार पाहिले आणि डबा साहेबांच्या हातात दिला.

साहेब उठले. लॅक्टोमीटर दुधात सोडला, वाकून पाहिला, आणि डबा तिला परत केला.

"माय, पाणी आहे."

रांगेत कोणी हालले नाही. भागीरथाबाईंनी डबा काखेत घेतला.

"उद्या बिनपाण्याचं आणीन," त्या म्हणाल्या. "पण मोजशील तूच."

त्या आठवड्यात पाचवा कॅन भरला. केंद्र चालू राहिले. दूध साहेब मोजू लागले आणि कॅन धुण्याचे काम माझ्याकडे आले.