तांबेऱ्याचे काका

"आधी झाड ओळखा. झाड चुकलं की तांबेरा चुकला," असं म्हणत आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका पान उलटं करायचे. नाल्याकाठी, बसस्टॉपवर, अहो, लग्नाच्या वरातीत चालतानासुद्धा! पानामागची नारिंगी भुकटी, म्हणजे तांबेऱ्याची बुरशी, बोटाला लागली की स्वारी खूश.

तुम्ही म्हणाल, रोगट पानांचं हे कसलं वेड? आम्हीही तेच म्हणायचो. मांजर्लीतल्या आमच्या बिल्डिंगचा वॉचमन तर त्यांना हकीम समजून गुडघेदुखीवर औषध मागायचा. बागेतल्या गुलाबावरचा तांबेरा त्यांना नको असे. "त्याला विचारणारे पुष्कळ आहेत. रानातल्याला कोण विचारतो?"

अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांची हयात गेली. एकदा तिथल्याच रस्त्यावरून मी नारिंगी ठिपक्यांचं पान मोठ्या ऐटीत आणलं. काकांनी थुंकी लावून बोट फिरवलं. बोटभर केशरी रंग पसरला. "हा तांबेरा नव्हे हो, हा आमच्या कंपनीचा माल!" हसता हसता खोकला लागला आणि ते पायरीवरच बसले. तो खोकलाही कंपनीनंच दिलेला होता, असं काकू म्हणत.

नदीकडच्या कुंपणावर एक रानवेल होती. तिच्यावरचा तांबेरा कुठल्याच पुस्तकाशी जुळेना. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली सूक्ष्मदर्शक मांडून काका तासन्‌तास बसत. पण मुळात वेलच ओळखू येत नव्हती. त्यासाठी फूल हवं होतं, आणि दरवर्षी कळी धरायच्या आत गणपतीची साफसफाई म्हणून सोसायटी ती छाटून टाकायची.

शेवटच्या पावसाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. माझा हात धरून म्हणाले, "तेवढी वेल कापू देऊ नका. तिचं नाव कळलं की मी सुटलो."

मग काय! कोयतेवाला आला.

"साब, जंगली है, काटने दो ना."

"हात लावून तर बघ!"

सेक्रेटरीशी बोलणं तुटलं ते कायमचं. बायको म्हणाली, "तुम्हालाही लागला वाटतं तांबेरा."

आणि एका सकाळी फूल दिसलं. हिरवट, मोहरीएवढं. मला इतका आनंद झाला की काय सांगू! डब्यात घालून तिसऱ्या मजल्यावर धावत गेलो. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. मीही चप्पल काढून आत शिरलो.

काकूंनी डबा उघडला. फूल तळहातावर घेतलं.

"आत्ता आणलंत होय," त्या म्हणाल्या. "चष्मा काढून ठेवला हो त्यांचा."